काचेपलीकडचा शेजारी

यंदाचा विषय ‘शेजार’ आहे, असं संपादकांनी फोनवर सांगितलं तेव्हा डोळ्यांसमोर आला तो आमचा जुना वाडा. सामाईक अंगण, भिंतीवरून दिली-घेतली जाणारी विरजणाची वाटी. त्यावरच लिहावं असं मनाशी म्हणत स्कूटर काढली आणि दहाव्या मिनिटाला पुण्यातल्या नळ स्टॉपच्या सिग्नलला येऊन थांबले. माझ्या उजव्या गुडघ्याला जवळजवळ टेकलेला एका पांढऱ्या कारचा दरवाजा. डावीकडे वडिलांच्या मागे बसलेली, पोटाशी दप्तर धरलेली शाळकरी मुलगी. पुढच्या मोटरसायकलवर पेट्रोलच्या टाकीवर बसवलेलं चारेक वर्षांचं पोर. कारच्या काचेत मला माझंच हेल्मेट दिसत होतं. आतल्या माणसाला मी दिसत होते की नाही, कळायला मार्ग नव्हता.

सिग्नलवरचे आकडे उतरत आले. पाच उरले तसे गिअर पडल्याचे आवाज आले, तीनवर पहिली रांग सुटलीसुद्धा. पांढरी कार जराशी डावीकडे आली, म्हणून मी डावीकडे झाले, म्हणून शेजारचे ते वडील पदपथाच्या कडेला घासता घासता वाचले. कोणी कोणाला काही बोललं नाही. कोणी कोणाकडे पाहिलंही नाही.

वाड्यात शेजाऱ्याच्या आणि आमच्या मध्ये निदान एक भिंत होती. इथे वीतभर हवा. रोज तासभर तरी आपण अशा माणसांना खेटून काढतो आणि त्यांच्या एका चुकीवर आपला जीव अवलंबून असतो. या शेजाराबद्दलच लिहायचं, असं तिथल्या तिथे ठरवलं. पुढचा दीड महिना मी चौकांत उभी राहिले, स्वतःच्या आणि इतरांच्या गाड्यांवर बसले, चालवणाऱ्यांशी बोलले. मी स्वतः दोन्ही चालवते, स्कूटर आणि कारही. त्यामुळे दोन्हीकडची तक्रार मला ऐकावी लागली आणि दोन्हीकडची माझीही निघाली.

गाडी म्हणजे कुठली?

पुण्यात कोणी ‘गाडी आणलीयस का?’ असं विचारलं की अजूनही मनात दुचाकीच येते. सायकलींचं शहर म्हणून नावाजलेल्या या गावात १९७२ साली दोन गोष्टी घडल्या. आकुर्डीच्या कारखान्यातून बजाजची चेतक बाहेर पडली आणि त्याच वर्षी कायनेटिकची लूनाही आली. चेतकसाठी लोक नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहत. आमच्या घरी ती आली तेव्हा बाबांनी तिला हार घातला होता. पुढे उभा भाऊ, मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली आई, दोघांच्या मध्ये मी, आणि डाव्या मुठीत क्लच-गिअर फिरवणारे बाबा. चौघांचं घर त्या दोन चाकांवर सारसबागेत जाऊन यायचं.

मग स्कूटरच्या जागी मोटरसायकली आल्या, मोटरसायकलींसोबत बिनगिअरच्या स्कूटर आल्या, आणि त्या स्कूटरींमुळे या शहरातल्या बाया आणि मुली कोणाच्या मागे न बसता स्वतः रस्त्यावर उतरल्या. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. २०१८ साली पुण्यात नोंदलेल्या वाहनांचा आकडा ३६ लाखांच्या वर गेला. शहराच्या तेव्हाच्या लोकसंख्येला त्याने मागे टाकलं. त्यात २७ लाख दुचाकी होत्या.

दरम्यान घराघरांत कारही आली, पण दुचाकी घरातून गेली नाही. शेजारी लागली. म्हणून ‘टू-व्हीलरवाले’ आणि ‘फोर-व्हीलरवाले’ अशा दोन जाती आहेत हे मला पटत नाही. आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ सोमवार ते शुक्रवार स्कूटरने कचेरीत जातात आणि रविवारी कार काढतात. स्कूटरवरून आल्यावर ते म्हणतात, ‘एकेकटा माणूस एवढा रस्ता अडवून बसतो, वर साइड देत नाही.’ कारमधून उतरल्यावर तेच म्हणतात, ‘कुठून कसे घुसतील नेम नाही, मुंग्या परवडल्या.’ दोन्ही वाक्यं मनापासूनची. माणूस तोच. त्याला दिसणारा रस्ता मात्र बदललेला असतो.

मावशी, आता दिसतोय का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी मी कार उजवीकडे आमच्या गल्लीत वळवत होते. समोरून येणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं, मोकळा होता, वळवली. कचकन ब्रेक लागल्याचा आवाज आला आणि माझ्या दारापासून हातभर अंतरावर एक मोटरसायकल तिरकी होऊन थांबली. तो मुलगा ओरडला नाही. हेल्मेटची काच वर करून एवढंच म्हणाला, ‘काकू, बघितलंत की माझ्याकडे!’

ते खरं होतं. मी त्याच्या दिशेने पाहिलं होतं. तो मला दिसला नव्हता.

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. वाचायला लागले तेव्हा कळलं, की जगभर दुचाकीच्या अपघातांत हीच कहाणी पुन्हा पुन्हा येते. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये हॅरी हर्ट या संशोधकाच्या पथकाने सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला. १९८१ साली तो अहवाल आला. दुसऱ्या वाहनाशी टक्कर झालेल्या अपघातांपैकी दोन तृतीयांशांमध्ये दुसऱ्या वाहनाच्या चालकाने मोटरसायकलवाल्याचा हक्काचा रस्ता तोडला होता. त्यात समोरून येऊन आडवं वळणाऱ्या गाड्या पुष्कळ. आणि त्यातले कितीतरी चालक सांगत होते, की आम्हाला ती दिसलीच नाही, किंवा दिसली तेव्हा उशीर झाला होता.

म्हणून एका रविवारी सकाळी मी भाच्याला त्याची स्कूटर घेऊन सोसायटीमागच्या मोकळ्या मैदानात बोलावलं. मी कारमध्ये बसले, पट्टा लावला, आरसे रोजच्यासारखे ठेवले. तो हळूहळू कारभोवती फिरायचा, जागोजाग थांबायचा आणि ओरडून विचारायचा, ‘मावशी, आता दिसतोय का?’

समोर होता तोवर दिसत होता. उजवीकडे तिरका जाऊ लागला आणि पंधरा-वीस पावलांवर एकदम नाहीसा झाला. समोरची काच आणि दाराची काच यांच्यामधला तो जाड खांब, रोज डोळ्यांसमोर असतो आणि कधी जाणवत नाही, त्याने सबंध स्कूटर आणि वर बसलेला पाच फूट दहा इंचांचा मुलगा गिळून टाकला होता. मी मान पुढे केली तेव्हा परत दिसला. कार असती तर तिचं नाक नाहीतर शेपूट खांबाबाहेर डोकावलं असतं. दुचाकी पुरती मावते. त्यातून कार आणि दुचाकी दोन्ही चौकाकडे एका ठरावीक वेगाने येत असतील, तर दुचाकी सगळा वेळ त्या खांबाच्या आडच राहू शकते, थेट टक्कर होईपर्यंत.

डावीकडची गोष्ट याहून वाईट. मागच्या डाव्या दाराच्या जरा मागे तो येऊन थांबला तेव्हा आतल्या आरशात नव्हता, बाहेरच्या आरशातून निघून गेला होता आणि डोळ्याच्या कोपऱ्यात अजून आला नव्हता. हात लांबवला असता तर तो मागच्या दाराला सहज टेकला असता, इतका जवळ. आणि सिग्नलला आपण स्कूटर घेऊन नेमक्या याच जागी उभ्या राहतो. मी तर रोज राहत होते.

डोळ्यांचंही एक आहे. आपण डावीकडून उजवीकडे नजर फिरवतो तेव्हा ती सरळ सरकत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारते. दोन टप्प्यांच्या मधलं आपल्याला दिसत नाही, मेंदू ते जुळवून घेतो. मधे कार असेल तर तिचा काही ना काही भाग नजरेत येतो, दुचाकीची बारीक उभी रेघ निसटू शकते. शिवाय लहान वस्तू लांब आहे असं वाटतं. ट्रक आणि मोटरसायकल एकाच अंतरावर, एकाच वेगाने येत असली तरी मोटरसायकल पोहोचायला अजून वेळ आहे असं मन सांगतं. त्या संध्याकाळी माझ्या मनाने बहुधा तेच सांगितलं.

मग आम्ही जागा बदलल्या. भाचा कारमध्ये, मी स्कूटरवर. स्कूटरवरून मला ती कार स्वच्छ दिसत होती, अख्खी, टायरच्या रेघांसकट. ज्याला समोरचा इतका ढळढळीत दिसतो, त्याला आपणही तितकेच दिसत असणार असं वाटणं साहजिक आहे. हा सगळा घोटाळा तिथे आहे. दुचाकीवाला समजतो, की मी दिसतोय. कारवाला समजतो, की मी पाहिलंय. दोघंही खोटं बोलत नसतात.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी बदलल्या. कार वळवताना मान पुढे-मागे करून खांबाच्या दोन्ही बाजूंनी पाहते, आणि एकदा पाहून झालं तरी पुन्हा एकदा पाहते. स्कूटरवर असताना कारवाल्याच्या आरशात त्याचा चेहरा शोधते. मला आरशात त्याचे डोळे दिसले तर त्यालाही मी दिसू शकते. दिसले नाहीत, तर त्याच्या लेखी मी तिथे नाही, असं धरून एक तर पुढे निघते, नाहीतर मागे राहते. बाजूला रेंगाळत नाही.

झाकण, खडी, पट्टा

कारमध्ये बसलं की दुचाकीवाल्यांचं नागमोडी चालवणं फार खुपतं. सरळ का जात नाहीत? हा प्रश्न मी घरोघरी जेवण पोचवणाऱ्या एका तरुणाला विचारला. दुपारचं काम संपलं होतं, रात्रीचं सुरू व्हायचं होतं. ‘काकू, बसा मागे,’ तो म्हणाला. घरून आणलेलं हेल्मेट मी चढवलं आणि आम्ही कर्वे पुतळ्यापासून वारज्याकडे निघालो. त्याला मी सांगितलं होतं, की गाडी जरा जरी वळवलीस तरी का वळवलीस ते मोठ्याने सांग.

‘झाकण,’ तो म्हणाला आणि उजवीकडे झाला. चेंबरचं झाकण रस्त्याच्या पातळीपेक्षा चार बोटं खाली होतं. ‘खडी.’ ‘पट्टा.’ हा झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा पट्टा, नुकताच पाण्याने ओला झालेला, त्यावर ब्रेक लावायचा नाही. ‘चर.’ केबलसाठी आडवा खणून बुजवलेला. ‘रिक्षा.’ ती रिकामी होती आणि रिक्षावाल्याची मान पदपथाकडे होती, म्हणजे गिऱ्हाईक दिसलं की थांबणार. ‘सीट.’ हे मला कळलं नाही. पुढे उभ्या असलेल्या कारमध्ये चालकाच्या जागी डोकं दिसत होतं, म्हणजे दार उघडू शकतं. वारज्याला पोचेपर्यंत त्याचं तोंड एकदाही बंद झालं नाही.

स्कूटरचं चाक दहा-बारा इंचांचं. कारच्या प्रवाशाला नुसता धक्का देणारा खड्डा त्या चाकाला अडकवून ठेवू शकतो. कारची तीन चाकं जमिनीवर असली की चौथं घसरलेलं चालून जातं. दुचाकीचं पुढचं घसरलं की माणूस खाली. पावसात पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली कळत नाही, म्हणून प्रत्येक डबकं टाळायचं. कारमधल्याला हे काहीच दिसत नाही, त्याला फक्त शेपूट हलताना दिसतं. दुचाकीशेजारून जाताना तिला एका बाजूला वावभर जागा सोडायची ती एवढ्यासाठी. तिला ती लागणार आहे.

पण त्याच तरुणाने मला दुसरंही दाखवलं. मोबाइल हँडलवर अडकवलेला होता आणि त्यावर नकाशा चालू. ‘एकेका ऑर्डरचे पैसे असतात काकू. वेळ गेला की पुढची जाते.’ दर वळणाला त्याची नजर खाली जात होती. चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते, साठच्या वेगाने जवळपास १७. नकाशाकडे पाहायला एक सेकंद लागला तर सबंध बसच्या लांबीएवढा रस्ता न पाहता मागे पडतो. वेग दीडपट केला की ब्रेक लावल्यानंतर थांबायला लागणारं अंतर दीडपट होत नाही, सव्वादोनपट होतं. त्याला हे हिशेब मी सांगितले नाहीत. त्याने मला आधीच सांगितलं होतं, की दोन मित्र पडलेत आणि एक अजून कुबड्यांवर आहे.

बसचं मागचं चाक

आमच्या सोसायटीत एक निवृत्त बसचालक राहतात. आयुष्यभर त्यांनी शहरातून बस चालवली. या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ते त्यांनी सांगितलेलं ठेवावं.

लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचं मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही. ते आतून जातं, कोपऱ्याला घासून. म्हणून चालक बस आधी उजवीकडे घेतो आणि मग डावीकडे वळवतो. बस उजवीकडे सरकली, की मागच्या दुचाकीवाल्याला वाटतं आपल्याला साइड दिली. डावीकडे मोकळी जागा दिसते आणि तो त्यात शिरतो. मग बस वळते. मागचं चाक त्या जागेवरून जातं आणि तो दारापासून चाकापर्यंतच्या त्या टापूत असतो, जिथे चालकाला आरशात काही दिसत नाही. त्यांनी हे मला जेवणाच्या टेबलावर काड्यापेटी आणि एक शेंगदाणा घेऊन दाखवलं. काड्यापेटी वळवली. शेंगदाणा खाली गेला.

‘ताई, तीस वर्षं डाव्या आरशात बघत बघत वळलो,’ ते म्हणाले. ‘अजून स्वप्नात बघतो.’

बस, ट्रक, डंपर, सिमेंट कालवणारी गाडी, कुठलंही लांब वाहन चौकाजवळ असेल तर त्याच्या डावीकडे शिरायचं नाही. इंडिकेटर नसला तरी नाही.

कुठल्या हाताने दार उघडायचं

हे थोडक्यात. रस्त्याच्या कडेला गाडी लावल्यावर आपण दाराला जवळ असलेल्या हाताने दार उघडतो. चालक उजव्या हाताने. मागून येणारी स्कूटर त्या दारावर आदळते, किंवा दार चुकवायला उजवीकडे झेपावते आणि मागच्या ट्रकखाली येते. उपाय एवढाच, की चालकाने डाव्या हाताने दार उघडायचं. डावा हात उजव्या दाराकडे नेला की खांदा वळतो, खांद्याबरोबर मान वळते आणि नजर आपसूक आरशावरून मागच्या रस्त्यावर जाते. डाव्या बाजूने उतरणाऱ्याने उजवा हात वापरायचा. ही सवय नेदरलँड्सच्या नावाने ओळखली जाते आणि २०२२ साली ब्रिटनने ती आपल्या वाहतूक नियमावलीत घातली. पैसा लागत नाही. मी घरातल्या सगळ्यांना लावली. माझ्या पंचाहत्तरीच्या आईला ती सगळ्यांत लवकर जमली.

हातवाऱ्यांची भाषा

या शहरात अनोळखी माणसं एकमेकांची काळजी कशी घेतात, हे पाहायचं असेल तर दुचाकीवरून फिरावं. साइड स्टँड खाली राहिला, की पन्नास पावलांत कोणीतरी शेजारी येऊन ओरडतं, ‘स्टँड! स्टँड!’ ओढणी चाकाकडे लोंबत असेल तर बाई आपली गाडी वेगात शेजारी आणून नुसतं बोट दाखवते. मागच्या सीटवर पेंगणारं पोर कलंडत असेल तर तिघं जण हॉर्न देतात. पंक्चर झालेलं चाक, उघडी डिकी, खाली पडू पाहणारी पिशवी, सगळ्याला खूण आहे.

त्यातली एक खूण आमच्या डोळ्यांदेखत संपली. दिवसा कोणाचा दिवा चालू राहिला की समोरून येणारा हाताची बोटं मिटून-उघडून दाखवायचा, ‘लाइट चालू आहे.’ मग १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागू लागला, बटणच राहिलं नाही. दिवसा दिवा लागलेली दुचाकी लवकर नजरेत भरते म्हणून हा बदल झाला. पुढची दोन-तीन वर्षं लोक बोटं मिटून-उघडून सांगत राहिले, नव्या गाडीवाले मान हलवत राहिले. आता ती खूण कोणी करत नाही.

ही सगळी बोली उघड्या तोंडाच्या माणसांची आहे. कारची काच वर गेली, एसी आणि गाणी लागली की ती बंद पडते. मग उरतो हॉर्न. ‘मी आहे इथे’, ‘हो बाजूला’, ‘अरे, दार नीट लागलं नाही’ आणि शिवी, या चारींसाठी एकच आवाज. दुचाकीवाला कारमागे हॉर्न वाजवतो तेव्हा तो बहुतेक वेळा ‘मी आहे’ एवढंच म्हणत असतो. आतल्याला ‘हो बाजूला’ ऐकू येतं आणि तो हट्टाने बाजूला होत नाही. माझ्या मते रस्त्यावरची निम्मी भांडणं या भाषांतरातून होतात.

इंडिकेटर हीच खरी दोघांना कळणारी भाषा. पण कारवाला ती वळता वळता बोलतो, आणि दुचाकीवाल्याचा इंडिकेटर वळण संपल्यावरही दोन किलोमीटर लुकलुकत राहतो, कारण त्याचं बटण आपोआप मागे येत नाही. आणि आरसे? आमच्या गल्लीतल्या गॅरेजच्या मागे एक पत्र्याचा डबा आहे. त्यात नव्या गाड्यांचे काढलेले आरसे साठलेत. ‘अरुंद जागेतून काढताना अडकतात म्हणून पोरं काढून देतात,’ गॅरेजवाले दादा म्हणाले. मी विचारलं, तुम्ही काढता? ‘काढत होतो. आता काढायला आलेल्याला म्हणतो, आधी आईला घेऊन ये.’

आठचा आकडा

दुचाकीचा परवाना कसा मिळतो हे पुन्हा एकदा पाहावं म्हणून आळंदी रस्त्यावरच्या परीक्षेच्या मैदानावर गेले. संगणकावर चिन्हांची परीक्षा देऊन शिकाऊ परवाना मिळवलेली मुलं-मुली रांगेत होती. एकेकाने पुढे यायचं आणि आठचा आकडा काढायचा. पाय टेकला की संपलं. एका मुलीचा दुसऱ्या वळणावर पाय टेकला आणि ती रडवेली झाली. तिचा तोल चांगला होता, घाबरली होती एवढंच.

तोल यायलाच हवा. पण त्या मैदानात दुसरं एकही वाहन नव्हतं. बसच्या मागच्या चाकाचं, कारच्या खांबाचं, उघडणाऱ्या दाराचं त्या आकड्यात कुठे काही येत नाही. ते आपल्याला बाबा, दादा किंवा मैत्रीण शिकवते, म्हणजे तिला जेवढं येतं तेवढं. हर्टच्या त्या अहवालात अपघात झालेल्या चालकांपैकी ९२ टक्के असेच आपापले किंवा घरच्यांकडून शिकलेले निघाले होते. ब्रेकचंच घ्या. पुढचा ब्रेक दाबला तर गाडी उलटते, ही भीती आमच्या पिढीला घरूनच मिळाली. खरं तर ब्रेक लागताच वजन पुढे येतं आणि गाडी थांबवायचं मोठं काम पुढचं चाक करतं. मागच्यावरच भिस्त ठेवली तर गाडी घसरत लांब जाते. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालच्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा सक्तीची झाली, ती यामुळेच.

आणि हेल्मेट. पुण्यात या विषयावर लिहिणं म्हणजे वाद ओढवून घेणं, तरी लिहिते. मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमाने ते चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही सक्तीचं आहे. जानेवारी २०१९ मध्ये पुण्यात कारवाई सुरू झाली तेव्हा लोक मोर्चे घेऊन रस्त्यावर आले. मानेला त्रास होतो, ऐकू येत नाही, शहरात वेगच कुठे असतो, हे मुद्दे मीही एके काळी मांडले आहेत. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेली ५०,०२९. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांवरून निघालेलं आहे. हे वाचल्यावर माझे मुद्दे संपले. फक्त एक सांगते. चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून वर हेल्मेट घालणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो, स्कार्फची घडी डोळ्यांच्या कडेला येऊ देऊ नका. कडेचं दिसणं गेलं की निम्मा रस्ता गेला. आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. न लावलेलं हेल्मेट माणसाच्या आधी जमिनीवर पोचतं.

बंद दारं

पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर दुचाकीला मज्जाव आहे. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर आहे, मुंबईच्या किनारी रस्त्यावर आहे, अटल सेतूवर आहे. जे. जे. उड्डाणपुलावर २०१० पासून आहे. आमच्या लकडी पुलावरही वर्षानुवर्षं होता. वारा, वळणं, वेगातला फरक, ही कारणं खरी आहेत आणि मला ती मान्य आहेत. पण सगळ्यांत चांगला रस्ता बांधला, की त्यावर सगळ्यांत जास्त असलेल्या वाहनाला जागा नाही, असं प्रत्येक वेळी होत असेल तर आराखडा काढतानाच कुणाची तरी आठवण राहिलेली नाही.

मलेशियात फेडरल हायवेच्या कडेने १९७०च्या दशकातच दुचाकींसाठी वेगळी मार्गिका काढली. तैवानमध्ये चौकाचौकांत कारच्या पुढे दुचाकींना थांबायला रंगवलेले चौकोन आहेत, म्हणजे सिग्नल सुटताना त्या कारवाल्याच्या डोळ्यांसमोर असतात, खांबाआड नसतात. आपल्याकडेही दुचाकी कशाही करून पुढे जाऊन झेब्रावर उभ्या राहतात. त्यांना पुढे जायचं असतं, कारण मागे, बाजूला, धुरात, कुणाला न दिसता उभं राहणं त्यांना नको असतं. तेवढी जागा रंगवून द्यावी आणि झेब्रा पायी चालणाऱ्यांना परत करावा, असं मला त्या नळ स्टॉपच्या सिग्नलला दर वेळी वाटतं.

उलट दिशेने येणाऱ्यांचंही असंच. मी त्यांची बाजू घेत नाही, समोरून दिवे लावून येणाऱ्या मोटरसायकलने माझा थरकाप होतो. पण एका बाह्यरस्त्यावर मी दुभाजकातली फट शोधत गेले तेव्हा ती दुकानापासून जवळपास एक किलोमीटरवर सापडली. जाऊन येऊन दोन. समोरच्या दुकानातून दूध आणायला कोणी दोन किलोमीटर जाणार नाही, हे रस्ता आखणाऱ्याला आधी सुचायला हवं होतं.

पुन्हा नळ स्टॉप

लेख जवळजवळ लिहून झाला होता. नवरात्रातली संध्याकाळ, मी साडी नेसून कारने निघाले होते, आणि नळ स्टॉपला लाल लागला. गाणी चालू होती. उजव्या काचेवर टकटक झाली. जाडजूड जॅकेट घातलेला मोटरसायकलवाला, मागे बायको, दोघांच्या मध्ये झोपलेलं बाळ. तो काहीतरी म्हणत होता, ऐकू येत नव्हतं. बायकोने खाली बोट दाखवलं, मग आपल्या पदराला हात लावून दाखवला.

माझा पदर दारात अडकून बाहेर लोंबत होता. कुठून तसा लोंबत आला होता, देव जाणे.

सिग्नलवर अकरा सेकंद होते. त्याने मोटरसायकल पायांनी ढकलत हातभर मागे घेतली, दाराला जागा करून दिली. मी आरशात पाहिलं, डावा हात दाराकडे नेला, मान वळवून पुन्हा एकदा पाहिलं आणि दार उघडलं. पदर आत ओढला. काठाला चाकाची काळी रेघ उमटली होती. दार लावून काच खाली केली तोवर आकडे संपले होते, आणि त्या दोघांच्या मधलं बाळ, वाऱ्याने टोपडं मागे गेलेलं, कर्वे रस्त्याच्या गर्दीत दिसेनासं होत होतं.